खाडीपलीकडचे कोर्लई

वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंती पाहत आमचे बालपण गेले. त्या भिंतींनी आम्हांला इतिहासाची गोडी लावली, आणि एक प्रश्नही दिला. पोर्तुगीज गेले, त्यांची सत्ता गेली, त्यांच्या इमारतींवर वड-पिंपळ उगवले. मग त्यांच्यामागे उरलेल्या साध्या माणसांचे पुढे काय झाले? आमच्या वसईपुरते या प्रश्नाचे उत्तर आम्हीच आहोत. परंतु वसईच्या दक्षिणेला, अलिबागच्याही पलीकडे, एका टेकडीच्या पायथ्याशी याच प्रश्नाचे अगदी निराळे उत्तर देणारे एक लहानसे गाव आहे, हे आम्ही कित्येक वर्षे केवळ वाचून होतो. त्या गावाचे नाव कोर्लई. जाऊ जाऊ म्हणता वर्षे लोटली. अखेर गेल्या हिवाळ्यात, नाताळचे गोठे आवरल्यावर, आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना सोबत घेऊन आम्ही निघालो.

निघताना मंडळींचा हेतू सरळ होता. मुलांना समुद्रकिनारा हवा होता, तरुणांना किल्ल्याची चढण हवी होती आणि वडीलधाऱ्यांना माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावायच्या होत्या. या तिन्ही गोष्टी कोर्लईत हाताच्या अंतरावर आहेत. मात्र परतताना आम्ही जे ओझे घेऊन आलो ते चौथ्याच गोष्टीचे होते. त्याचीच हकीकत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

चौलचे वैभव

कोर्लई समजून घ्यायचे तर आधी चौलला थांबले पाहिजे. अलिबागहून दक्षिणेला निघालेला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून नागाव, चौल अशी गावे घेत रेवदंड्याला येतो आणि तेथे कुंडलिका नदीची खाडी आडवी येते. आज सावलीत पेंगणारी ही गावे एके काळी जगाच्या व्यापारी नकाशावर ठळक होती. अरब प्रवासी अल्-मसुदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेला आणि त्याने या बंदराची 'सैमूर' या नावाने नोंद केली. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४६९ साली भारतात पहिले पाऊल टाकता झाला ते याच चौल बंदरात. वास्को द गामाच्या आगमनाला तेव्हा अजून जवळजवळ तीस वर्षे अवकाश होता.

पोर्तुगीज आले आणि या बंदराच्या इतिहासात तोफांचा आवाज मिसळला. १५०८ साली चौलच्या समोर इजिप्तचे आणि दीवचे आरमार एकत्र होऊन पोर्तुगिजांवर चालून आले. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुत्रशोकाने पेटलेल्या बापाने पुढच्याच वर्षी दीवच्या समुद्रात त्याचा सूड उगवला. पुढे अहमदनगरच्या निजामशहाशी बोलणी होऊन १५२१ साली पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. खाडीच्या तोंडाशी त्यांनी जे तटबंदीचे शहर वसवले तेच आजचे रेवदंडा.

शहर वसले तसे धर्मसंघही आले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन या सर्वांचे मठ आणि चर्चे या तटाच्या आत होती. आज तेथे माडांच्या बागा आहेत. बागाईतदारांच्या कुंपणातून वाट काढीत गेले की मध्येच एखादी कमान, एखादी वेदीची भिंत उभी दिसते. फ्रान्सिस्कनांच्या मठाचा 'सातखणी' मनोरा अजूनही माडांच्या शेंड्यांवर मान काढून उभा आहे. सातही खण आता राहिलेले नाहीत. पण नाव राहिले आहे. त्या मनोऱ्याखाली उभे राहिल्यावर आमच्यातील एका आजोबांनी नकळत टोपी काढली. कोणी काही बोलले नाही.

टेकडीसाठी झालेले युद्ध

रेवदंड्याच्या धक्क्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की खाडीच्या पलीकडे समुद्रात लांबच लांब घुसलेली एक डोंगराची सोंड दिसते. एखादी मगर पाण्यात तोंड घालून पडली असावी, तशी. पोर्तुगीज तिला 'मोर्रो' म्हणजे टेकाड म्हणत. या टेकाडावर ज्याची तोफ, त्याच्या मर्जीवर चौलचे बंदर, हे कळायला कोणा सेनापतीची गरज नव्हती. १५५७ च्या सुमारास पोर्तुगिजांनी तेथे तटबंदी करण्याची इच्छा धरली. निजामशहाने नकार दिला. अखेर दोघांनीही ती टेकडी तशीच मोकळी ठेवावी, असा समझोता झाला.

समझोता टिकला, पण सलोखा टिकला नाही. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने प्रचंड फौजेनिशी चौलला वेढा घातला. कित्येक महिने चाललेला हा वेढा पोर्तुगिजांनी चिवटपणे सोसला आणि अखेर तह झाला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने जुना समझोता मोडून त्याच टेकडीवर किल्ला उभारला आणि तेथून चौलवर मारा सुरू केला. १५९४ साली पोर्तुगिजांनी निर्वाणीचा हल्ला चढवला. वसई आणि साष्टीहून कुमक आली. सुमारे दीड हजार पोर्तुगीज आणि जवळजवळ तितकेच एतद्देशीय सैनिक या मोहिमेत होते, असे जुने वृत्तांत सांगतात. माघार घेणारे निजामशाही सैनिक दरवाजा बंद करू पाहत असता जखमी हत्ती दारातच कोसळला आणि दार लागू शकले नाही, अशीही हकीकत त्यांत आहे. एक फ्रान्सिस्कन संन्यासी भाल्याच्या टोकावर क्रूस उंच धरून सैनिकांच्या पुढे चालत होता, असेही त्यांत नमूद आहे.

वाचकहो, या ठिकाणी आम्ही क्षणभर थांबलो. वसई आणि साष्टीहून गेलेल्या त्या 'एतद्देशीय' सैनिकांत आमच्या पूर्वजांपैकी कोणी असेल काय? असेल. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. सेनापतींची नावे राहिली, संन्याशाचा क्रूस राहिला, हत्तीचीसुद्धा आठवण राहिली. आमचे लोक मात्र संख्येत राहिले. आणि भाल्याच्या टोकावरील त्या क्रूसाविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ज्याने पेत्राला तलवार म्यान करण्यास सांगितले, त्याची खूण भाल्याला बांधून माणसे मारायला जाणे, हे त्या काळाला विसंगत वाटले नाही. आम्हांला आज वाटते, आणि वाटावे. इतिहासाचा अभिमान बाळगायचा तर त्याची लाजही वाटून घेण्याची तयारी हवी. एकाच गोष्टीची निवड करता येत नाही.

वाट चढताना

आज खाडीवर पूल आहे. पूर्वी रेवदंड्याहून होडीने पलीकडे जावे लागे. पुलावरून साळावला उतरून उजवीकडे वळले की थोड्याच वेळात कोर्लई येते. मुरुड तालुक्यातील हे गाव एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि पाठीशी डोंगर अशा कोंदणात बसलेले आहे. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या, बांबूंच्या दांड्यांवर बोंबील सुकत घातलेले, आणि त्या ओळखीच्या वासाने आमच्या मंडळींना एकदम घरच्यासारखे वाटू लागले. मुले वाळूत धावली. त्यांना तेथेच सोडून आम्ही किल्ल्याची वाट धरली.

वाट सोपी आहे. किनाऱ्याच्या कडेने डोंगराच्या पश्चिम उतारावरील दीपगृहापर्यंत जायचे आणि तेथून पायऱ्यांनी वर चढायचे. सवयीच्या माणसाला वीस मिनिटे पुरतात. आमच्यासारख्यांना दोन वेळा बसावे लागते. बसण्यातही नुकसान नाही, कारण प्रत्येक वळणावर समुद्र थोडा अधिक मोठा झालेला असतो. उन्हाळ्यात मात्र ही चढण सकाळी लवकर करावी, पाणी बरोबर न्यावे, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नये.

किल्ला रुंदीला अगदी चिंचोळा आणि लांबीला ऐसपैस आहे. डोंगराच्या कण्यावरून एकामागून एक दरवाजे ओलांडीत चालावे लागते. एक दरवाजा शत्रूने घेतला तरी पुढचा आहे, तो घेतला तरी त्यापुढचा आहे, अशी ही रचना. बुरुजांवर गंजलेल्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून पडल्या आहेत. खाली पाण्याच्या कडेला जी तोफांची माची आहे, तिला लोक 'क्रूसाची बातेरी' म्हणतात. पोर्तुगीज शब्द कोकणी माणसाच्या तोंडात कसा मऊ होतो, याचा तो नमुना.

मधल्या भागात किल्ल्यावरील शिबंदीसाठी बांधलेले चर्च आहे. त्याला छप्पर नाही. वेदीच्या जागी आकाश आले आहे. या चर्चपासून काही पावलांवर शंकराचे एक छोटेसे देऊळ आहे. मराठ्यांच्या काळात बुरुजांची नावेही बदलली. सान फ्रान्सिस्को या बुरुजाचा गणेश बुरुज झाला. एकाच्या संताचे नाव पुसून दुसऱ्याने आपल्या दैवताचे लिहावे, ही सत्तेची जुनीच रीत. तरीही त्या दुपारी छप्पर नसलेले चर्च आणि ते लहान देऊळ एकाच वाऱ्यात, एकमेकांची अडचण न होता उभे होते. आमच्यातील भगिनींनी चर्चच्या ओट्यावर बसून रोझरीची एक माळ म्हटली. देवळापाशी बसलेले गुराखी पोर आमची प्रार्थना संपेपर्यंत शेळ्यांना हाकारण्याचे थांबले. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

उत्तर टोकाशी पोहोचले की समोर रेवदंडा, मध्ये कुंडलिकेचे मुख आणि डावीकडे अथांग समुद्र. १५९४ साली निजामशहाला आणि त्याच्यापूर्वी पोर्तुगिजांना ही टेकडी का हवी होती, हे समजायला येथे कोणत्याही ग्रंथाची गरज उरत नाही.

जे गेले आणि जे राहिले

पोर्तुगिजांनी हा किल्ला सुमारे दीडशे वर्षे राखला. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा दिला, परंतु तेव्हा तो प्रयत्न सफल झाला नाही. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. अधिकारी, सरदार, धर्मसंघांचे वरिष्ठ, ज्यांच्याकडे गलबतात बसण्याइतकी ऐपत आणि गोव्यात थारा होता, ते सगळे निघून गेले.

जे राहिले ते कोण होते? ते होते तटाच्या आतील नोकर, मजूर, शिपाई, वाडीत खपणारे लोक. ज्यांना समाजाच्या उतरंडीत कधीच वरची पायरी मिळाली नव्हती असे. अभ्यासकांच्या मते यांतील काही मंडळी खाडी ओलांडून मोर्रोच्या पायथ्याशी वस्तीला आली. नवीन राजवटीत त्यांचा धर्म शेजाऱ्यांपेक्षा निराळा, जात-पंगत निराळी आणि भाषाही निराळी. आधार एकच: चर्च. अशा रीतीने आजच्या कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीची सुरुवात झाली.

आम्ही वसईकर या कथेतील बरेचसे ओळखतो. आमच्याकडेही जाणारे गेले आणि कसणारे राहिले. पण एक मोठा फरक आहे. आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले तेव्हा आपापल्या गावात, आपापल्या शेतीवाडीत होते. त्यामुळे त्यांची बोली त्यांच्यापाशीच राहिली. चौलच्या तटाच्या आत मात्र ठिकठिकाणची माणसे एकत्र आली होती. कोणी कोकणातील, कोणी गुजरातेतील, कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेली. त्यांचा मालक पोर्तुगीज, त्यांची प्रार्थना पोर्तुगीज. त्या एकत्र जगण्यातून एक नवीच भाषा जन्माला आली, आणि मालक निघून गेल्यावर ती भाषा नोकरांची झाली.

'नॉ लिंग'

कोर्लईतील ख्रिस्ती लोक आपल्या भाषेला 'नॉ लिंग' म्हणतात. अर्थ साधा आहे: आमची भाषा. पोर्तुगीज 'नोस्सा लिंग्वा'चे हे रूप. बाहेरचे लोक तिला 'क्रिस्ती' असेही म्हणतात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ती 'क्रिओल' ठरते, म्हणजे दोन वा अधिक भाषांच्या संकरातून जन्मून एखाद्या समाजाची मातृभाषा झालेली भाषा.

तिची घडण मोठी मनोरंजक आहे. शब्दांचे भांडार बहुतांशी पोर्तुगीज. पण वाक्याची चाल मात्र मराठी. पोर्तुगीज भाषेत क्रियापद कर्माच्या आधी येते. 'नॉ लिंग'मध्ये ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. मराठीतून उचललेल्या क्रियापदांसाठी तर या भाषेने एक स्वतंत्र 'उ'कारान्त वर्गच तयार केला आहे. पाहुण्यांसाठी घरात वेगळी खोली काढावी, तसा! अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याही खूप आधी, १९०६ साली, गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांनी उत्तर कोकणातील अशा पोर्तुगीज बोलींचे वर्णन केले होते. त्या काळी मुंबई, साष्टी, वसई या परिसरातही अशा बोली बोलणारी कुटुंबे होती. आज त्या बोली नाहीत.

येथे कोणी हसू नये. आपली मराठीही पोर्तुगिजांच्या सहवासातून कोरडी राहिलेली नाही. चावी, पगार, पाव, बटाटा, बादली, घमेले, फीत, तुरुंग, बिजागरी हे शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, ते सगळे त्याच गलबतांतून उतरलेले. आणि १६१६ साली साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले, तेव्हा चौलच्या वाड्यांतून ही नवी बोली मुलांच्या तोंडी रुळत असणार. एकीकडे परदेशी धर्मगुरू मराठी शिकून ओव्या रचत होता, दुसरीकडे येथली माणसे परदेशी शब्द मराठी चालीत बसवीत होती. दोन्ही कामे भाषेचीच. एकाचे नाव साहित्याच्या इतिहासात गेले. दुसऱ्यांचे काम स्वयंपाकघरात राहिले.

पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ, पोर्तुगालचे सरकार नसताना, शाळा नसताना, छापील पुस्तक नसताना, ही भाषा एका गावात कशी टिकली? कारणे शोधू गेल्यास चार दिसतात. खाडीने गाव वेगळे ठेवले. लग्नसंबंध बहुधा वस्तीतच होत राहिले. आजूबाजूच्या समाजाने या लोकांना दूर ठेवले, आणि दूर ठेवलेल्यांनी आपली भाषा जवळ ठेवली. चौथे कारण चर्च. गोव्याशी असलेल्या धार्मिक संबंधामुळे पोर्तुगीज प्रार्थनांचे सूर येथे फार काळ कानावर पडत राहिले.

आता ही चारही कारणे ढासळली आहेत. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला. शाळा मराठी आहे. नोकरी मुंबईला किंवा आखाती देशांत आहे. मुलाच्या हातातील मोबाईलला 'नॉ लिंग' कळत नाही. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेत लोकभाषा आल्या, तेव्हा कोर्लईच्या चर्चमध्ये आली ती मराठी.

एका आजीचा प्रश्न

या शेवटच्या गोष्टीने आम्हांला अस्वस्थ केले. उपासनेत मराठी यावी, हे आमच्या पिढीचे स्वप्न होते. लॅटिन मिस्सा न समजता ऐकणाऱ्या आमच्या आजी-आजोबांना देवाशी आपल्या भाषेत बोलता यावे, यासाठी आमच्या धर्मगुरूंनी आणि लेखकांनी किती कष्ट घेतले! मराठी मिस्सा आली त्या दिवशी आमच्याकडे सण होता. तीच मराठी कोर्लईत पोहोचली तेव्हा ती लोकभाषाच होती, पण त्या लोकांची नव्हती. आम्ही ज्या भाषेला लहान समजून तिच्यासाठी भांडलो, ती खाडीपलीकडे मोठी होती.

चर्चमध्ये मेणबत्त्या लावून आम्ही बाहेर आलो. अंगणात एक वृद्ध आजी भाजीची जुडी बांधीत बसल्या होत्या. शेजारी नातू. त्याच्याशी त्या 'नॉ लिंग'मध्ये बोलत होत्या. तो मराठीत उत्तर देत होता. आम्हांला पाहताच आजी मराठीवर आल्या, चहा घ्या म्हणाल्या. आमच्यातील एका उत्साही तरुणाने मोबाईल पुढे करून म्हटले, "आजी, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना. आम्हांला रेकॉर्ड करायचं आहे."

आजी हसल्या. जुडीची गाठ मारून म्हणाल्या, "काहीतरी म्हणजे काय रे बाबा? भाषा काय जत्रेतला खेळ आहे, काढून दाखवायला? मला काही सांगायचं असलं, तर बोलीन की." आणि मग थोड्या थांबून त्यांनी उलट विचारले, "तुम्ही वसईची माणसं. तुमचीपण निराळी बोली आहे ना? हा पोरगा तुमच्याशी बोलतो का त्या बोलीत?"

आम्ही त्या तरुणाकडे पाहिले नाही. त्यानेही आमच्याकडे पाहिले नाही. खरे उत्तर आम्हां दोघांनाही ठाऊक होते. तो आमच्याच घरातील, आणि आमची बोली त्याला समजते, पण येत नाही. दोष त्याचा नाही. आम्ही शाळेत गेलो तेव्हा आमच्या बोलीतील एखादा शब्द तोंडून निसटला की वर्ग हसे, आणि शिक्षकही हसत. त्या हसण्याची आम्ही इतकी धास्ती घेतली की आमच्या मुलांना ते ऐकावे लागू नये म्हणून घरातली बोलीच बंद केली. आई-वडिलांशी बोली, मुलांशी शुद्ध मराठी, असा आमचा दुहेरी कारभार होता. पुढे मुलांच्या घरी इंग्रजी आली. आजी-आजोबांच्या मरणाबरोबर कित्येक शब्दांनाही आम्ही मूठमाती दिली, आणि त्यांच्यासाठी महिन्याची मिस्साही ठेवली नाही.

आजींना आम्ही एवढेच सांगितले, "नाही बोलत. आमचीच चूक." त्या म्हणाल्या, "चूक कसली? पोटासाठी माणूस काय काय सोडतो." आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवून त्या त्याला 'नॉ लिंग'मध्ये काहीतरी म्हणाल्या. आम्हांला ते कळले नाही. पोरगा घरात धावत गेला आणि आमच्यासाठी चहाचे कप घेऊन आला. म्हणजे आजींना सांगायचे होते, तेव्हा त्या बोलल्या. आणि त्याला कळलेही.

परतीच्या वाटेवर

संध्याकाळी मुलांना वाळूतून उठवताना उशीर झाला. सूर्य दीपगृहाच्या पलीकडे समुद्रात उतरत होता आणि कोळी बांधव होड्या पाण्यात लोटण्याच्या तयारीत होते. कोर्लईला जाणाऱ्यांनी किनारा जरूर पाहावा, किल्ल्यावर जरूर चढावे; पण गाव म्हणजे पदार्थसंग्रहालय नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दारात उभे राहून, कॅमेरा रोखून, माणसांना 'पोर्तुगिजांचे वंशज' म्हणून न्याहाळणे सोडावे. चर्चमध्ये बसावे, चहा घ्यावा, विचारल्यास आपल्या गावाची हकीकत सांगावी.

भाषा मरतात, हे काही नवे नाही. केरळात कोचीजवळच्या वायपीन येथे अशीच एक पोर्तुगीज क्रिओल भाषा होती. ती अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती २०१० साली निवर्तली. त्या शेवटच्या वर्षांत त्या वृद्धाने आपल्या भाषेत कोणाशी बोलावे? कदाचित देवाशीच. कोर्लईत अजून ती पाळी आलेली नाही. 'नॉ लिंग' बोलणारे हजाराच्या आसपास लोक आहेत. आजी आहेत, आणि ऐकून धावत जाणारा नातूही आहे.

आम्हां मराठी भाषकांचा या प्रकरणात काही धर्म आहे काय? आम्हांला वाटते, आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आम्हां सर्वांना आनंद झाला. घरात थोरल्याचा सत्कार झाला की धाकट्यांनाही गोड मिळावे, ही आपली रीत आहे. मराठीच्या अंगणात वाढलेल्या, तिचीच चाल उचललेल्या या धाकट्या भाषेला आपण हसू नये, तिला परकी म्हणू नये, एवढे तरी करता येईल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या लोकांनी सुवार्ता ऐकली ती प्रत्येकाने आपापल्या भाषेत. पवित्र आत्म्याने त्यांना एक मोठी भाषा शिकवली नाही. हा पाठ दर वर्षी चर्चमध्ये वाचला जातो आणि दर वर्षी आम्ही तो ऐकतो. त्याचा अर्थ उमगायला मात्र आम्हांला कोर्लईपर्यंत जावे लागले.

पूल ओलांडताना अंधार पडला होता. गाडीत मागे मुले पेंगत होती. त्या तरुणाने, ज्याच्या हातात मोबाईल होता त्यानेच, बऱ्याच वेळाने विचारले, "आजोबा, 'अंधार पडला' याला आपल्या बोलीत काय म्हणतात?"

आम्ही सांगितले. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बराचसा जमला.